दुआ चालते, शिकवलेले का चालत नाही?

घरात मूल जन्माला आले की तृतीयपंथी दारात येतात, टाळ्या वाजवतात, बाळाला कडेवर घेतात, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि दुआ देतात. आमच्या नगरच्या मोहल्ल्यांत हे आजही होते. घरातली बुजुर्ग बाई त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, कारण त्यांची दुआ लागते तशी बददुआही लागते, अशी आपली समजूत आहे. आता कल्पना करा की सहा वर्षांनी हेच बाळ पहिलीच्या वर्गात बसले आहे आणि समोर हातात खडू घेऊन तीच व्यक्ती उभी आहे. तिने डी.एड. केले आहे, पात्रता परीक्षा दिली आहे, रीतसर नेमणुकीचा आदेश घेऊन ती शाळेत आली आहे. काय होईल? पालक दुसऱ्या दिवशी दाखला मागायला येतील. संस्थेची तातडीची सभा भरेल. मुख्याध्यापकांना बोलावून विचारले जाईल की हे तुम्ही होऊ कसे दिले? चाळीस दिवसांचे बाळ ज्यांच्या कडेवर द्यायला आम्ही घाबरत नाही, त्यांच्यासमोर सहा वर्षांचे मूल बसवायला मात्र आम्ही घाबरतो. या भीतीला दीनचा आधार किती, कायद्याचा आधार किती आणि तिची किंमत कोण मोजतो, हे एकदा उघडपणे बोलले पाहिजे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे आहोत. शिक्षकाची नोकरी म्हणजे काय, हे आमच्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. मुसलमान घरात सरकारी पगार येण्याचे जे दोन-चार मार्ग उरले आहेत त्यातला हा सर्वांत इज्जतीचा मार्ग आहे. २०१३ पासून त्यासाठी शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते, २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. एवढे करून शिक्षणसेवक म्हणून लागले तर तीन वर्षे मानधनावर काढायची. हे मानधन प्राथमिकसाठी सहा हजार रुपये होते, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. या सगळ्या वाटेवर कोठेही उमेदवाराचे शरीर तपासणारा प्रश्न नाही. बालमानसशास्त्र विचारतात, गणित विचारतात, भाषा विचारतात. मग ज्या गोष्टीची परीक्षा शासन घेत नाही त्या गोष्टीवर नापास करण्याचा अधिकार संस्थाचालकाला कोणी दिला?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जेन कौशिक या शिक्षिकेचे नाव आता देशातल्या प्रत्येक शाळेच्या कार्यालयात माहीत असायला हवे. २०२२ च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरीच्या एका खाजगी शाळेत त्या लागल्या. आपण पारलिंगी आहोत हे कळल्यावर आठवड्याभरात आपली नोकरी गेली, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या वर्षी गुजरातेत जामनगरच्या एका शाळेने त्यांना नेमणुकीचे पत्र दिले आणि त्या पारलिंगी आहेत असे समजताच रुजू करून घेण्यास नकार दिला. एक बाई, दोन राज्ये, दोन शाळा. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. न्यायालयाने नुकसानभरपाई द्यायला लावली ती जामनगरच्या शाळेला आणि तिच्याबरोबर केंद्र सरकारला व दोन्ही राज्य सरकारांनाही. कायदा करून तो कागदावर ठेवणे हासुद्धा भेदभावच आहे, असा या निकालाचा अर्थ आहे. समान संधीचे धोरण आखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमण्यात आली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात रिया आळवेकर या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षिका आहेत. त्या नोकरीला लागल्या तेव्हा कागदोपत्री पुरुष होत्या. पुढे शस्त्रक्रिया करून घेऊन त्या स्त्री म्हणून जगू लागल्या आणि जिल्हा परिषदेने त्यांना नोकरीवरून काढले नाही. कोकणातल्या त्या जिल्ह्यात आभाळ कोसळले नाही. आमच्या नगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्याचे उदाहरण त्याहून जुने आहे. माजलगाव तालुक्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. रजा नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर २०१८ मध्ये शस्त्रक्रिया होऊन ते ललित साळवे म्हणून त्याच पोलीस दलात रुजू झाले. कर्नाटकात २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आले आणि २०२२ च्या शिक्षकभरतीत तीन तृतीयपंथी उमेदवार निवडले गेले. त्यांतील एक रायचूर जिल्ह्यातल्या होत्या. रायचूर म्हणजे काही परदेश नव्हे, सोलापूरहून रेल्वेने काही तासांचे अंतर आहे.

ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली तर एक गोष्ट लक्षात येते. जिथे नोकरी थेट शासनाची होती तिथे ती टिकली किंवा मिळाली. जिथे नोकरी संस्थेच्या हातात होती तिथे ती आठवड्यात गेली. आणि इथेच हा विषय आपल्या दाराशी येऊन उभा राहतो. नगर, श्रीरामपूर, संगमनेर अशा ठिकाणी जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या उर्दू शाळा आहेत हे खरे. पण पाचवीच्या पुढचे उर्दू शिक्षण मोठ्या प्रमाणावर खाजगी अनुदानित संस्थांच्या हाती आहे. त्या संस्था आपल्याच लोकांच्या आहेत. पगार शासनाच्या तिजोरीतून येतो, पण दरवाजा ट्रस्टींच्या हातात असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयाने काय ते द्यावे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

काही संस्थाचालक इथे घटनेच्या तिसाव्या कलमाचा हवाला देतात. आमची संस्था अल्पसंख्याक आहे, कोणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू, असे ते म्हणतात. आम्हालाही तिसावे कलम प्राणाहून प्यारे आहे. ते नसते तर या देशात उर्दूचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. परंतु या कलमाने आपल्याला आपली भाषा आणि आपली संस्कृती जपणाऱ्या शाळा चालवण्याचा हक्क दिला, माणसाला माणूस म्हणून नाकारण्याचा परवाना दिलेला नाही. पात्रता परीक्षा अल्पसंख्याक शाळांना लागू होते की नाही, हा वाद अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तो मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस झाली. तो वाद शिक्षकाने कोणती परीक्षा द्यावी याचा आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला त्याच्या जन्माच्या गोष्टीवरून हाकलण्याचा हक्क त्यात कोणी मागितलेला नाही आणि मागूही नये.

२०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला. त्याचे नववे कलम सांगते की नोकरभरती, बढती आणि संबंधित बाबींत कोणतीही आस्थापना तृतीयपंथी व्यक्तीशी भेदभाव करणार नाही. आस्थापना म्हणजे काय याची व्याख्या करताना त्या कायद्याने सरकारी कार्यालयांबरोबर कंपनी, सोसायटी, ट्रस्ट आणि संस्था हे शब्द नावानिशी घातले. म्हणजे आपली अंजुमन आणि आपली एज्युकेशन सोसायटी त्यात आली. अकराव्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. वाचकांपैकी जे कोणी संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत त्यांनी आपल्या शाळेच्या फलकावर असे नाव कधी पाहिले आहे का, हे आठवून पाहावे. शिवाय महाराष्ट्रात १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे. चौकशीशिवाय काढलेला कायम शिक्षक त्याखाली शाळा न्यायाधिकरणात जातो हे प्रत्येक ट्रस्टी जाणून असतो, कारण त्याची धास्ती त्यांना असते. हे न्यायाधिकरण तृतीयपंथी शिक्षकासाठीही तितकेच उघडे आहे.

कायद्याचे ठीक आहे, पण दीनचे काय, असे विचारणारे आमचे बांधव आहेत. त्यांना टाळून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणे आमचे काम नाही. पण वाचणे हे शिक्षकाचे काम आहे. ज्या मदरशांत दर्से-निझामी चालतो तिथे बाराव्या शतकातला ‘हिदाया’ हा हनफी फिकहचा ग्रंथ शिकवला जातो. त्या ग्रंथाच्या शेवटाकडे ‘खुन्सा’वर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याला पुरुष म्हणावे की स्त्री हे ठरवता येत नाही अशा व्यक्तीने नमाजात कोणत्या सफीत उभे राहावे, वारशात त्याचा हिस्सा किती, याचा विचार त्यात केला आहे. सफ ठरवली ती पुरुषांच्या मागे आणि स्त्रियांच्या पुढे. वारशाचा हिस्सा कमी धरला, याबद्दल आज कोणी वाद घालील. पण मुद्दा निराळा आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या फकीहांनी अशा माणसाला मशिदीत जागा दिली आणि बापाच्या मालमत्तेत वाटा दिला. आम्ही मात्र त्याला शाळेच्या हजेरीपटावर जागा द्यायला तयार नाही!

स्त्रियांची नक्कल करणाऱ्या पुरुषांवर लानत आहे, ही हदीस लगेच पुढे केली जाते. ती आहे, आम्ही ती लपवत नाही. पण तिचा अर्थ लावताना तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी दोन प्रकार वेगळे केले. ज्याची वृत्ती जन्मतःच तशी आहे त्याच्यावर दोष नाही. जो मुद्दाम, वाईट हेतूने सोंग आणतो त्याच्यावर दोष आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या वाजांमध्ये हदीसचा पहिला भाग मोठ्या आवाजात ऐकू येतो, नववींनी केलेला फरक मात्र कधी ऐकू येत नाही. शस्त्रक्रियेच्या प्रश्नावर ऐंशीच्या दशकात इराणमध्ये खोमेनींनी परवानगीचा फतवा दिला. १९८८ मध्ये इजिप्तचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी वैद्यकीय गरजेची अट घालून आपले मत दिले. २०२० मध्ये ढाक्यात तृतीयपंथीयांसाठी मदरसा सुरू झाला आणि २०२१ मध्ये पाकिस्तानात मुलतानला त्यांच्यासाठी सरकारी शाळा निघाली. त्याच पाकिस्तानात २०१८ च्या तृतीयपंथी कायद्यातील काही कलमे २०२३ मध्ये फेडरल शरियत न्यायालयाने रद्द केली, हेही सांगितले पाहिजे. उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण मतभेद आहेत ते लिंग कसे ठरवावे यावर. हलाल रोजी कमावण्याचा हक्क एखाद्या माणसाला नाही, असे सांगणारा आधार आम्हाला कोठे आढळला नाही. उलट भीक मागण्यापेक्षा कष्ट करून खाणे चांगले, हे आम्ही मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. मग ज्याने कष्टाची वाट धरली त्याला पुन्हा सिग्नलवर हात पसरायला लावणे कोणत्या शरियतीत बसते?

इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. मदिनेत रसूलल्लाहच्या मशिदीची खिदमत शतकानुशतके ‘आगा’ म्हणवणाऱ्या खोजांकडे होती. जहांगीरच्या काळात ख्वाजासरा इतिबार खान आग्र्याचा सुभेदार होता. अवधच्या बेगमांचा सगळा कारभार जवाहर अली खान आणि बहार अली खान हे ख्वाजासरा पाहत. हे बहुतेक लोक गुलाम म्हणून आणलेले होते, त्यांची शरीरे बळजबरीने बदललेली होती. त्या प्रथेचे समर्थन कोणी करू नये. आजचे तृतीयपंथी आणि ते खोजे हे एकही नव्हेत. आमचे म्हणणे एवढेच की पुरुष आणि स्त्री या दोन खान्यांत न बसणाऱ्या माणसाला जबाबदारीचे काम देणे आपल्या तहजीबला परके नव्हते.

मग परके कधी झाले? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फासेपारधी, भामटे यांच्या नशिबी जो कायदा आला तोच हा. नगर जिल्ह्यात या कायद्याच्या जखमा घेऊन जगणारे समाज कितीतरी आहेत, त्यामुळे त्याचे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. या कायद्याचा दुसरा भाग मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तो हिजड्यांवर होता. त्यांची पोलिसांकडे नोंदवही ठेवायची, स्त्रीवेशात रस्त्यावर नाचले-गायले तर शिक्षा, सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवला तर शिक्षा. आणि नोंदवलेल्या हिजड्याला अज्ञान मुलाचा पालक होता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. ‘यांच्याजवळ मूल सुरक्षित नाही’ ही कल्पना कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा इथे लिहिली गेली. पुढे १९११ च्या कायद्यात हा भाग गळाला, पण कल्पना आमच्या डोक्यात राहिली. आज जो पालक म्हणतो की आमच्या मुलांवर काय संस्कार होतील, तो आपण मजहबची बाजू घेतली असे समजतो. प्रत्यक्षात तो राणी व्हिक्टोरियाच्या अंमलदाराचे वाक्य उच्चारत असतो.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्याला तो हलका मानताच येत नाही. २०१२ पासून पोक्सो कायदा आहे. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतले प्रकरण बाहेर आले तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी लावा, असे आदेश निघाले आणि ते योग्यच होते. पण त्या वेळी सगळ्या पुरुषांना शाळेतून बाहेर काढा, असे कोणी म्हटले का? आरोपी पुरुष होता म्हणून पुरुष जमात गुन्हेगार ठरली नाही. मग ज्यांच्यावर कोणताही आरोप नाही त्यांची जमातच्या जमात संशयित कशी ठरते? पडताळणी सर्वांची करा. कॅमेरे सर्वांवर ठेवा. नियम सर्वांना एक असला की मूल सुरक्षित राहते. एका माणसाला दाराबाहेर ठेवून बाकीच्यांकडे डोळेझाक केली की मूल असुरक्षित होते.

राहिला समाजाचा प्रश्न. एका संस्थेच्या पदाधिकाऱ्याशी या विषयावर बोलणे झाले तेव्हा ते आमच्या दखनीत म्हणाले, “सर, हमना कुछ तकलीफ नै, पन लोगां क्या बोलेंगे?” या एका वाक्यात आपल्या समाजाच्या शिक्षणाचा निम्मा इतिहास आहे. लोगां क्या बोलेंगे म्हणून आपल्या मुली किती वर्षे चौथीनंतर घरी बसल्या! सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते आमच्या नगरला, मिस फरार यांच्याकडे. पुण्यात त्या शिकवायला निघाल्या तेव्हा लोकांनी शेण मारले. फुले दांपत्याला सासऱ्यांनी घराबाहेर काढले तेव्हा उस्मान शेख यांचे घर उघडे झाले आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवायला उभ्या राहिल्या. आपण दर वर्षी ९ जानेवारीला फातिमा शेख यांचे फोटो लावतो, भाषणे करतो, पहिली मुस्लिम शिक्षिका म्हणून अभिमान मिरवतो. त्या काळी बाईने शिकवणे हेच लोकांना अनैतिक वाटत होते, मुली बिघडतील असे वाटत होते. तेच शब्द आज दुसऱ्या कोणासाठी वापरले जात आहेत, आणि वापरणाऱ्यांत आपण आहोत.

ज्या समाजाला स्वतः भेदभाव सोसावा लागतो त्याने तरी हे ओळखायला हवे. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये महमूदूर रहमान समितीने महाराष्ट्रातल्या मुसलमानांची स्थिती मांडली. नाव वाचून मुलाखतीचा सूर बदलतो, आडनाव ऐकून भाड्याचे घर मिळत नाही, हे आम्हाला कोणी सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटकात शाळा-कॉलेजच्या फाटकांवर मुलींना आणि शिक्षिकांनाही हिजाब-बुरखा काढूनच आत जावे लागले. ते पाहून आमचे रक्त खवळले. तुमच्या अंगावरचे कापड पाहून तुमची लायकी ठरवणारे हे कोण, असे आम्ही विचारले. प्रश्न बरोबर होता. त्याच वर्षी त्याच कर्नाटकात ते तीन तृतीयपंथी शिक्षक निवडले गेले, आणि आमच्यातल्या काहींनी त्या बातमीवर ‘कयामत की निशानी’ म्हणून मान हलवली. फाटकावर आपल्याला अडवले की तो जुलूम आणि फाटकावर आपण अडवले की ती शिस्त, असे दोन तराजू ठेवून इन्साफ मागता येत नाही. कुराणने तर मापात खोट करणाऱ्यांना फार कडक शब्दांत बजावले आहे.

आणखी एक कुरबूर ऐकू येते. आधीच आपल्याला जागा नाहीत, त्यात हे नवे वाटेकरी! २०१४ साली राज्याने मुसलमानांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते चालू दिले, तरी पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही. ही सल आम्हालाही आहे. योगायोग असा की त्याच वर्षी, १५ एप्रिल २०१४ रोजी, ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मागास मानून शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षण द्या असे सांगितले. अकरा वर्षांहून अधिक काळ लोटला. पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना मिळायला २०२२ मध्ये मॅट आणि उच्च न्यायालय करावे लागले, आणि २०२३ मध्ये समांतर आरक्षण देणे फार अवघड असल्याचे राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितले. म्हणजे त्यांची आणि आपली फाईल एकाच टेबलावर धूळ खात पडली आहे. ते आपले वाटेकरी नाहीत, रांगेतले शेजारी आहेत. शिवाय समांतर आरक्षण म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतला हिस्सा. त्याने दुसऱ्या प्रवर्गाची जागा जात नाही. उर्दू शाळांचे दुखणे तर उलटेच आहे. बिंदुनामावलीप्रमाणे काही राखीव जागांना उर्दू माध्यमाचे उमेदवारच मिळत नाहीत, जागा रिकाम्या राहतात आणि मुले शिक्षकाविना बसतात. तिथे पात्र माणूस मिळणे ही आपली गरज आहे.

पण पात्र माणूस येणार कोठून? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांची नोंद ‘इतर’ या लिंगाखाली झाली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१. त्यांतील साक्षरता ५६ टक्के होती, त्या वेळी देशाची ७४ टक्के होती. ही १८ टक्क्यांची दरी कोठे पडते हे आम्हा शिक्षकांइतके कोणाला माहीत नाही. ती सहावी-सातवीच्या वर्गात पडते. एखादा मुलगा चालतो वेगळा, बोलतो वेगळा, कबड्डीत उतरत नाही. मुले त्याला बायल्या म्हणतात, छक्का म्हणतात. तो मधल्या सुट्टीत मुतारीत जाणे टाळतो, मग शाळा टाळतो. घरी बाप पट्ट्याने मारतो. वर्षाअखेरीस आम्ही हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ लिहून मोकळे होतो, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात त्याचे नाव येते, आणि दोन वर्षांनी तो एखाद्या गुरूच्या डेऱ्यात दिसतो. मग आम्हीच म्हणतो की या लोकांना शिकायचेच नसते, टाळ्या वाजवून पैसे मिळतात! ज्या मुलाला एकाही मोठ्या माणसाने वर्गात उभे राहून ‘याला चिडवायचे नाही’ असे म्हटले नाही, त्याने बी.एड.पर्यंत पोचायचे कसे? असा एक शिक्षक शाळेत असला तर त्या मुलाला निदान एवढे कळेल की आपल्यासारख्याला डेऱ्याखेरीज दुसरा पत्ता असू शकतो.

नुसती नेमणूक करूनही भागत नाही. कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ तृतीयपंथीयांना कामावर घेतले, देशभर वाहवा झाली. पण काहींना शहरात कोणी घर भाड्याने देईना म्हणून नोकरी सोडावी लागली. पश्चिम बंगालमध्ये मानबी बंदोपाध्याय २०१५ मध्ये कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि दीड वर्षात, सहकाऱ्यांचे असहकार्य असह्य झाले म्हणून त्यांनी राजीनामा पुढे केला. नोकरी आदेशाने मिळते, पण टिकते ती शिक्षकखोलीत. सोबत डबा खाणारे कोणी आहे का, सेवापुस्तिकेत नाव बदलायचा अर्ज कारकून सहा महिने दाबून ठेवतो का, कोणते स्वच्छतागृह वापरायचे हे सन्मानाने ठरले आहे का, यावर ती टिकते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उर्दू शाळा चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करावा की शिक्षकभरतीत तृतीयपंथी उमेदवाराला लिंगावरून नाकारले जाणार नाही, आणि तसे जाहिरातीत छापावे. तक्रार अधिकाऱ्याचे नाव फलकावर लावावे. नोकरीत असताना ज्याची ओळख बदलते त्याची सेवा, ज्येष्ठता आणि पगार यांना धक्का लागू नये, सिंधुदुर्गात जे झाले ते नगर जिल्ह्यातही व्हावे. राज्याने समांतर आरक्षणाचा निर्णय करावा. शिक्षक संघटनांनी वेतनश्रेणीच्या मोर्चात ही मागणीही फलकावर लिहावी. खतीब साहेबांना आमची विनंती आहे की एका जुम्म्याच्या बयानात त्यांनी नववींचा तो फरक लोकांना सांगावा. आणि आम्हा शिक्षकांसाठी तर कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात ‘छक्का’ हा शब्द उच्चारला गेला की त्याच क्षणी तास थांबवायचा, एवढे उद्यापासून करता येईल.

आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून जवळजवळ तीन वर्षे मौलाना आझाद कैदेत होते. बाहेर आले आणि स्वतंत्र देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे असे मानणारा तो माणूस होता. ज्याला शिकण्याचा हक्क आहे त्याला शिकवण्याचाही आहे. हे दार आपल्या हातात आहे, आणि आतून कडी आपणच लावलेली आहे.